उत्तरेकडची साल

लाकडाच्या वखारीत वाढलेला माणूस झाडाकडे पाहतो तो आधी त्याची वलयं मोजायला. फिनलंडच्या कायनू भागातला स्कॉट्स पाइन या परीक्षेत फार वर लागतो. तिथला उन्हाळा तोकडा, म्हणून वाढ मंद आणि वलयं एकमेकांना खेटून बसलेली. थंडी वाढली की हे झाड पेशींतलं पाणी बाहेर सोडतं, मग बर्फ धरतो तो पेशींमधल्या फटींत. सुयांवर मेणाचा थर असतो. आणि साल कुठे फाटली की तिथे राळ भरते, म्हणजे बुरशी-किड्यांना वाट बंद.

या शेवटच्या सवयीवर तिथल्या शेतकऱ्यांच्या कैक पिढ्या जगल्या. वसंतात उभ्या झाडाची साल बुंध्याकडून सोलायची, पण उत्तर बाजूची एक पट्टी ठेवायची. काही वर्षं असं केलं की उघडं लाकूड राळेनं गच्च होतं. मला विचाराल तर सगळी कारागिरी त्या पट्टीत आहे. हावरटपणानं गोल सोललं तर झाड वाळतं आणि राळही संपते. मग तोडायचं, फोडायचं, नरसाळ्यासारख्या खड्ड्यात रचायचं, वरून माती-शेवाळ लिंपून दिवसेंदिवस धुमसत ठेवायचं. ज्वाळ उठली की माल गेला. तळातून डांबर पिंपात उतरायचं आणि लांब, अरुंद होड्यांतून धबधबत्या नदीनं ओउलूच्या बंदरात जायचं.

जहाजाचे दोर आणि फळ्या या डांबराशिवाय टिकत नसत. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होतं, आणि 1648 साली स्वीडननं डांबराच्या व्यापाराची मक्तेदारी एका कंपनीला दिली. माल स्टॉकहोममार्गे जाई, म्हणून नाव पडलं 'स्टॉकहोम टार'. भावाला कंटाळून ब्रिटिशांनी 1705 मध्ये अमेरिकन वसाहतींतल्या डांबराला बक्षिसी लावली. कॅरोलिनाचे लोक मेलेलं, पडलेलं लाकूड जाळत. ते डांबर दोर खातं, अशी ओरड झाली. स्वीडिश रीतीनं करा म्हणून लंडननं दटावलं, पण जिवंत झाड सोलून वाट पाहणं त्यांना परवडेना.

1854 साली, क्रिमियन युद्धात, फिनलंड रशियाच्या ताब्यात असताना, ब्रिटिश ताफ्यानं राहे आणि ओउलूचे डांबराचे साठे पेटवले. त्यातला काही माल इंग्रज व्यापाऱ्यांनी आधीच विकत घेतलेला होता! लंडनमध्ये त्यावरून बरीच बोंब झाली.

पुढे जहाजं लोखंडाची झाली आणि करवतीच्या गिरण्या पाइनच्या ओंडक्याला रोख भाव देऊ लागल्या. मग सोलून चार वर्षं थांबायला कोण बसतंय?