वाईनच्या चवीची टिपणवही

१० एप्रिल १६६३ रोजी सॅम्युअल पीप्स लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटवरील रॉयल ओक या मद्यगृहात गेला. पीप्स आरमार खात्यातला अधिकारी. वाईनच्या व्यापाराशी त्याचा संबंध नव्हता, पिण्याची आणि लिहिण्याची हौस मात्र दांडगी होती. तिथे घेतलेल्या फ्रेंच वाईनचे नाव त्याने कानावर पडले तसे, ‘हो ब्रायन’ असे, रोजनिशीत उतरवले. ती चांगली आहे आणि अशी खास चव आपल्याला आधी कधी भेटली नव्हती, एवढाच त्याचा अभिप्राय. ही वाईन बोर्दोजवळच्या ओ-ब्रियों या मळ्याची होती. त्या काळात बोर्दोची तांबडी वाईन इंग्लंडात सरसकट ‘क्लॅरेट’ म्हणूनच खपत असे. ओ-ब्रियोंच्या पोंताक घराण्याने आपला माल मळ्याच्या नावाने विकायला काढला आणि एका गिऱ्हाइकाने त्या नावासह चव टिपून ठेवली. हौशी माणसाने लिहिलेल्या वाईनच्या टिपणांचा इतिहास सांगताना या दोन-तीन ओळींपासून सुरुवात करणे रास्त ठरते. १६६६ च्या आगीत लंडन जळत असताना याच पीप्सने अंगणात खड्डा खणून आपली वाईन आणि पार्मेझान चीज पुरून ठेवले होते. वाईनवर त्याचा किती जीव होता, ते यावरून कळते.

पीप्सच्या आधीच्या पिढ्यांना वर्षावर्षांची तुलना करणे फारसे शक्यच नव्हते. वाईन लाकडी पिंपात भरलेली असे. पिंप फोडले की हवा लागून ती आंबू लागे, म्हणून नवी वाईन महाग आणि जुनी स्वस्त असा उलटा भाव चाले. सतराव्या शतकात इंग्लंडात दगडी कोळशाच्या भट्टीवर जाड, मजबूत काचेची बाटली तयार होऊ लागली आणि तिला बूच मिळाले. मग वाईन वर्षानुवर्षे तळघरात आडवी ठेवता येऊ लागली. एकाच मळ्याच्या दोन सालांच्या बाटल्या शेजारी ठेवून चाखणे ही या बाटलीची देणगी आहे.

मळा पाहायला स्वतः जाणाऱ्यांत तत्त्वज्ञ जॉन लॉक हा पहिल्या काहींपैकी एक. १६७७ च्या मे महिन्यात तो ओ-ब्रियोंला पोहोचला. पश्चिमेकडे उतरणारी जमीन, पांढरी वाळू, तिच्यात मिसळलेली खडी. जिथे दुसरे काही धड उगवणार नाही अशा जमिनीतून ही वाईन येते, याचे त्याला नवल वाटले. एका चराने वेगळ्या झालेल्या शेजारच्या मळ्याची वाईन मात्र तितकी चांगली होत नाही, असेही त्याला तिथे सांगण्यात आले. चवीचे कारण मातीत शोधणारी ही नजर पुढे फ्रेंच वाईनशास्त्राचा कणा बनली. थॉमस जेफरसन अमेरिकेचा राजदूत म्हणून फ्रान्समध्ये होता, तेव्हा १७८७ साली त्याने बरगंडीपासून बोर्दोपर्यंत प्रवास केला. बोर्दोतले सर्वोत्तम म्हणून त्याने मार्गो, लातूर, ओ-ब्रियों आणि लाफीत या चार मळ्यांची नावे लिहिली. पुढे १८५५ साली दलालांनी बाजारभावावरून बोर्दोची अधिकृत प्रतवारी केली, तेव्हा पहिल्या वर्गात नेमके हेच चार मळे आले.

या परंपरेतले सर्वांत लोभस पुस्तक मात्र एका साहित्याच्या प्राध्यापकाचे आहे. एडिंबरो विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवणाऱ्या जॉर्ज सेंट्सबरीने आपल्या तळघरातल्या बाटल्यांची नोंद साध्या वहीत ठेवली होती. तिच्या आधारे १९२० साली, पंचाहत्तरीला टेकलेला असताना, त्याने ‘नोट्स ऑन अ सेलर-बुक’ प्रसिद्ध केले. १८४६ सालच्या तांबड्या एर्मिताजला तो आपण प्यालेली सर्वांत मर्दानी फ्रेंच वाईन ठरवतो. फळाचा किंवा फुलाचा वास तो सहसा नोंदवत नाही. तो वाईनचा स्वभाव सांगतो आणि ती कोणाबरोबर, कशासोबत घेतली ते सांगतो. त्यामुळे ते पुस्तक वाचताना वाईन कळते त्याहून अधिक तो माणूस कळतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही सैल भाषा कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या शास्त्रज्ञांना अपुरी वाटू लागली. १९५९ साली तिथे वीस गुणांचे कोष्टक तयार झाले. रंग, वास, आंबटपणा यांना वेगवेगळे गुण. १९८४ साली ॲन नोबल यांनी सुगंधाचे चक्र मांडले. त्यात आतल्या वर्तुळात ‘फळांचा’ असा ढोबळ शब्द, तर बाहेरच्या वर्तुळात स्ट्रॉबेरी, लिंबू, सफरचंद अशी नेमकी नावे. ‘डौलदार’ यांसारख्या शब्दांना तिथे थारा नव्हता. वासावर एवढा भर देण्याला कारणही आहे. सर्दी झाली की जेवण बेचव लागते, कारण ज्याला आपण चव म्हणतो त्यातला मोठा भाग घशामागून नाकात चढणारा वास असतो. म्हणूनच चाखणारे पेला फिरवतात, हुंगतात आणि घोट तोंडात घोळवतात.

१९७८ मध्ये मेरीलँडमधल्या रॉबर्ट पार्कर या वकिलाने हौसेपोटी वार्तापत्र काढून शंभर गुणांची पद्धत रूढ केली. गुण दुकानात उपयोगी पडतात. पण ९१ आणि ८९ यांतला फरक जिभेला सांगता येत नाही, आणि सेंट्सबरीची एक ओळ अशा आकड्यापेक्षा जास्त सांगून जाते. डोळाही जिभेला फसवतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतल्या प्रयोगात वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना तांबडा रंग घातलेली पांढरी वाईन दिली, तर त्यांनी तिच्या वासाचे वर्णन तांबड्या वाईनच्या शब्दांत केले. त्यामुळे नाव आणि साल झाकून चाखण्याची रीत आजही महत्त्वाची मानली जाते.

महाराष्ट्रात वाईन चाखण्याची रीत उशिरा आली. नाशिकच्या सुला या वाईन कंपनीची पहिली वाईन २००० साली बाजारात आली आणि २००५ मध्ये तिथे चाखण्याची खोली सुरू झाली. अशा ठिकाणी हलक्या पांढऱ्या वाईनपासून सुरुवात करून जड तांबडीपर्यंत एकेक घोट दिला जातो. शेवटचा शिराझचा घोट घेतला की जीभ कोरडी पडते, हिरड्या आवळल्यासारख्या होतात. सालीतले आणि बियांतले टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते, त्याचा हा परिणाम. पाश्चात्त्य शास्त्र याला चव न मानता स्पर्शाची जाणीव मानते. मराठी माणसाला त्यासाठी शब्द शोधावा लागत नाही. आयुर्वेदाने कषाय हा सहा रसांपैकी एक धरला आहे, आणि जांभूळ, सुपारी, कच्चे केळे खाल्लेल्या जिभेला तो ‘तुरट’ म्हणून लहानपणापासूनच ठाऊक असतो.