डॉल्बी, जवारी आणि तीनशेतीन

हेडफोन असतील तर लावा, आज बासचं काम आहे.

आजचा विषय इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास. सुरुवात शिकागोपासून करता आली असती, पण मी साताऱ्याचा, त्यामुळं डॉल्बीपासून करतो.

सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात डॉल्बी म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेली बॉक्सची भिंत, मागं जनरेटर, आणि थेट छातीत बसणारा दणका. बाकीच्या जगात मात्र डॉल्बी हे एका माणसाचं आडनाव आहे. रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनिअर १९६३ ते १९६५ या काळात युनेस्कोचा सल्लागार म्हणून भारतात होता, चंदीगडला. इथं असताना तो आपलं संगीत टेपवर रेकॉर्ड करायचा. टेप म्हटली की मागं सतत 'स्स्स' अशी खरखर आलीच. गाण्याला धक्का न लावता ही खरखर कशी काढायची, या विचाराला तो भारतात असतानाच लागला, आणि १९६५ मध्ये लंडनला जाऊन त्यानं कंपनी काढली. नको असलेला आवाज घालवण्यात ज्यानं हयात घालवली, त्याचं नाव आपण कशाला दिलंय बघा!

डॉल्बीवरून आमच्याकडं दर गणपतीला वाद होतो. २००० सालच्या नियमानं निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं डीजे-डॉल्बीला परवानगी नाकारली, तेव्हा साताऱ्यात वातावरण किती तापलं होतं ते अनेकांना आठवत असेल. कानांचा प्रश्न असेल तर मी नियमाच्या बाजूनं आहे. पण त्या सगळ्या भांडणात एका बाजूला 'गोंगाट' आणि दुसऱ्या बाजूला 'जल्लोष' एवढे दोनच शब्द असतात. मशीनचा आवाज गप बसून, डोळे मिटून ऐकायची चीज आहे, असं कुणीच म्हणत नाही.

मला ते कळलं सांगलीत. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर. रूममेटनं रात्री इअरफोनचा एक कान माझ्याकडं दिला. 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' नावाचा ट्रॅक होता, शिकागोच्या 'फ्यूचर' या ग्रुपचा, १९८७ चा. दहा मिनिटांहून मोठा. शब्द नाहीत, चाल म्हणावी अशी चाल नाही. बासची एकच ओळ फिरून फिरून येते, फक्त तिचा रंग बदलत राहतो. कधी बंद डब्यातून आल्यासारखी, कधी चिरकत वर जाणारी. झोप उडाली ती उडालीच.

तो आवाज काढणारं यंत्र म्हणजे रोलँड कंपनीचं टीबी-३०३. आपण त्याला तीनशेतीनच म्हणू. जपानमध्ये १९८१ च्या अखेरीस हे बाजारात आलं, ते एकट्या गिटारवाल्याला साथीला बास वाजवणारा मिळावा म्हणून. खऱ्या बाससारखं ते अजिबात वाजत नव्हतं. खपलं नाही, १९८४ ला बंद झालं. सेकंडहँड दुकानात स्वस्तात पडलेलं हे यंत्र शिकागोच्या पोरांनी उचललं, फिल्टरचं बटण वाजता वाजता पिळायला सुरुवात केली, आणि त्यातून अ‍ॅसिड हाऊस जन्माला आलं.

आता मुंबईला या. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे वादक. त्यांनी हेच तीनशेतीन, टीआर-८०८ हे ड्रम मशीन आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन १९८२ मध्ये एक रेकॉर्ड केली: 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट'. भैरवी, ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग, खाली न थांबणारा ठेका. एचएमव्हीनं काढली, फारशी कुणी विचारली नाही. वीस वर्षांनी एका डच संग्राहकाला ती दिल्लीच्या दुकानात सापडली, २०१० मध्ये पुन्हा निघाली, आणि जग चक्रावलं, कारण हे शिकागोच्या पाच वर्षं आधीचं होतं.

'अ‍ॅसिड हाऊस भारतात जन्मलं' अशा पोस्ट तुम्ही पाहिल्या असतील. मला तो दावा पटत नाही. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकली होती याला काही पुरावा नाही. एकच डबा, दोन शहरं, दोन वेगळ्या गरजा. सिंग यांना तीनशेतीनचा जो उपयोग झाला तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो: हे यंत्र एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातं. म्हणजे जवळपास मींडच की! पियानोला जे जमत नाही ते याला जमतं.

आणि त्याचं दुसरं अंग समजायला मला मुंबईला जावं लागलं नाही. सांगलीहून मिरज दहा किलोमीटर. तिथली सतारमेकर गल्ली तुम्हाला माहीत असेल. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम आटलं तसे इथले शिकलगार वाद्यांकडं वळले. पंढरपूर भागातले भोपळे, त्यावर लाकूडकाम, आणि शेवटी जवारी. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा कानसीनं इतका हलका उतार देऊन घासतात की तार सुटताना त्याला चाटून जाते. खाली सुताचा धागा सरकवला की तीच तार उघडते आणि एकातून एक सूर झरायला लागतात. हे वरचे सूर जवारी बाहेर काढते. सी. व्ही. रामन यांनी या तारांवर १९२१ मध्ये शोधनिबंध लिहिलाय. तीनशेतीनचा फिल्टरही त्याच वरच्या सुरांना धरतो आणि सोडतो. बटणाच्या जागी धागा, एवढाच फरक.

हे कारागिरासमोर बसून ऐकल्यावर मी हॉस्टेलवर परत येऊन तोच ट्रॅक लावला. त्या रात्री तो परका वाटला नाही.

पण मशीननं मिरजेला फक्त जोडीदार दिला नाही, पोटावरही पाय दिला. बासरी वाजवणारे इंजिनिअर जी. राज नारायण यांनी बेंगळुरूत १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. रियाझाला सोय झाली: तार तुटत नाही, एसटीत भोपळा सांभाळत बसावं लागत नाही. आता तर फोनमधलं अ‍ॅपच तंबोरा देतं. गाणं शिकणारी पोरं वाढली, तरी घरी तंबोरा घेणारी त्या मानानं वाढली नाहीत, आणि गल्लीतल्या पुढच्या पिढीतली किती मुलं कानस हातात घेतील हा खरा प्रश्न झाला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं, पण मानांकनानं गिऱ्हाईक आपोआप दारात येत नाही.

कारागिराला मी फोनवरचा तंबोरा ऐकवला होता. त्यांनी फोन कानाशी धरला, थोडं ऐकलं आणि म्हणाले, "सूर बरोबर आहे. पण हे दर वेळी सारखंच बोलतंय." मग शेजारच्या तंबोऱ्याचा धागा केसभर सरकवला आणि चारही तारा पुन्हा छेडल्या.