बेथेलचा पाळक

काचीगुड्याचे रेल्वे स्थानक १९१६ साली उभे राहिले. घुमट आणि मिनार मिरविणाऱ्या त्या वास्तूतून निजामी रेल्वेची मीटर गेजची गाडी सुटे आणि नांदेड, परभणी, जालना, औरंगाबाद अशी मजल दरमजल करीत मनमाडला पोहोचे. काचीगुडा आणि सुलतान बाजार ह्या भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना गावाकडची वाट म्हणजे हीच. वाटेवरचे जालना हे सधन व्यापारी गाव. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण आजही लोकांच्या तोंडी आहे. ह्या सोन्याच्या पाळण्याशेजारी एका मराठी पाळकाने गरिबांचे एक खेडे वसविले, त्या वेळी मात्र ह्या मुलखात ना ही रेल्वे होती, ना काचीगुड्याचे स्थानक. खेड्याचे नाव बेथेल आणि पाळकाचे नाव रेव्हरंड नारायण शेषाद्री.

शेषाद्री जन्माने ब्राह्मण. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेत डॉ. जॉन विल्सन आणि रॉबर्ट नेस्बिट ह्यांच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले आणि १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याच वर्षी स्कॉटलंडमधील चर्च दुभंगले. विल्सन आणि नेस्बिट फ्री चर्चला मिळाले आणि त्यापायी मिशनच्या इमारतींवर त्यांना पाणी सोडावे लागले. श्रद्धेची किंमत शिष्याने मोजली तशी, थोड्या निराळ्या नाण्यात का होईना, गुरूंनीही मोजली.

शेषाद्रींच्या घरी मात्र अनर्थ ओढवला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनरींकडे राहिला. तो अल्पवयीन होता. वडिलांनी न्यायालयात दाद मागितली आणि मुलगा त्यांच्या स्वाधीन झाला. त्याने मिशनरींच्या घरी अन्न घेतले होते, तेव्हा त्याला जातीत परत घ्यावे की नाही, ह्या प्रश्नावरून मुंबईच्या ब्रह्मवृंदात दोन तट पडले. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे, असा पक्ष ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी उचलून धरला आणि त्याबद्दल सनातन्यांचा रोष पत्करला. एक मुलगा दुरावलेला आणि दुसरा हाती येऊनही परका ठरू पाहणारा, अशा पेचात सापडलेल्या त्या माता-पित्यांचे दुःख मिशनच्या वृत्तांतांतून पुरतेपणी उमटणे शक्य नव्हते. ह्या कथेत ते विसरून चालणार नाही.

मुंबईत विरोध होता, पण त्या विरोधात एक ऊब होती. सारे शहर ज्याच्याविषयी बोलते, त्या माणसाला आपल्या निश्चयाचा विसर पडत नाही. १८५४ साली शेषाद्रींना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि पुढल्या दशकात ते जालन्यास गेले. तेथे त्यांना भेटली ती उदासीनता. निजामाच्या दरबाराचा कारभार फार्सीत चाले, ब्रिटिश छावणीत इंग्रजी चाले आणि शिवारातली माणसे मराठी बोलत. बाजाराला कापसाच्या भावाची चिंता होती. एक बाप्तिस्मा घेतलेला ब्राह्मण कोणत्या देवाची प्रार्थना करतो, ह्याचे सोयरसुतक फारच थोड्यांना होते.

शेषाद्रींभोवती जमले ते प्रामुख्याने मांग आणि महार समाजांतील लोक. त्यांच्या बाबतीत शिष्यत्व म्हणजे काय, हे गावगाड्याची रचना ध्यानात घेतल्याशिवाय कळत नाही. मांगाने दोर वळावेत, गावच्या देवापुढे वाजवावे. महाराने मेलेली गुरे ओढावीत, वेशीची राखण करावी आणि त्याच्या मोबदल्यात सुगीला खळ्यावरून आपले बलुते उचलावे. नव्या श्रद्धेपायी ज्याने देवळापुढचे वाजविणे सोडले, त्याने धान्याच्या वाट्यावरचा आपला हक्कही धोक्यात घातला. त्याने मनात काय मानावे ह्याची गावाला पर्वा नव्हती. काम अडले म्हणजे मात्र गाव जागे होई. रविवारी उपासना ऐकणे सोपे होते. सोमवारी खायचे काय, हा प्रश्न अवघड होता.

त्या प्रश्नाला शेषाद्रींनी दिलेले उत्तर म्हणजे बेथेल. पहिल्या सालारजंगांच्या दिवाणगिरीत त्यांनी निजाम सरकारकडून जालन्याजवळ जमीन मिळविली आणि तेथे वस्ती केली. मुसलमान राज्याने एका ख्रिस्ती पाळकाला जमीन द्यावी, ह्याचे पुष्कळांना नवल वाटते. पण धर्माविषयीची जी उदासीनता उपदेशकाचे शब्द वाऱ्यावर जाऊ देते, तीच त्याच्या नांगराची वाट मोकळी सोडते, असे येथे घडले. वस्तीला नाव दिले तेही बायबलातले. रानात दगड उशाला घेऊन निजलेल्या याकोबाने जागा झाल्यावर त्या ठिकाणाला बेथेल, म्हणजे देवाचे घर, म्हटले होते.

जमिनीच्या आशेने माणसे ख्रिस्ती झाली, असा आक्षेप अशा वस्त्यांवर नेहमी घेतला जातो. आशा नव्हती असे कोणी म्हणू नये. पण गावकुसाबाहेर ज्याच्या पिढ्या गेल्या, त्याला धर्म हवा आणि भाकर नको, अशी अट घालणारे स्वतः बहुधा पोटभर जेवलेले असतात. शिवाय ब्राह्मण कुळात जन्मलेल्या मनुष्याने मांगांना भाऊ म्हणावे आणि त्यांच्यात आयुष्य घालवावे, ह्यात त्याला कोणती जमीन मिळणार होती?

१८७३ साली न्यूयॉर्कला इव्हँजेलिकल अलायन्सची परिषद भरली. पागोटे घातलेले शेषाद्री तेथील सभांत बोलले आणि अमेरिकन श्रोत्यांच्या कुतूहलाचा विषय झाले. तेथे टाळ्या होत्या, वृत्तपत्रे होती. त्यानंतर पुन्हा जालना, तीच शेते, तीच मंडळी, आणि १८७६ पासून दख्खनवर कोसळलेला दुष्काळ. बाबा पदमनजींनी ग्रंथ मागे ठेवले, ना. वा. टिळकांनी भजने ठेवली. म्हणून मराठी वाचकाला ती नावे ठाऊक आहेत. शेषाद्रींनी खेडे ठेवले, आणि खेड्याच्या मुखपृष्ठावर लेखकाचे नाव छापलेले नसते.

१८९१ साली ते निवर्तले. गोदावरी खोऱ्यातील रेल्वे १९०० च्या सुमारास जालन्यापर्यंत आली आणि मग हैदराबादेचा मनुष्य तिकीट काढून तेथे उतरू लागला. मीटर गेजचे ते रूळ केव्हाच उखडले गेले आणि त्यांच्या जागी रुंद रूळ आले. काचीगुड्याहून मनमाडकडे जाणाऱ्या त्या मार्गावर स्थानक आहे ते जालन्याचे. बेथेलला स्थानक कधीच नव्हते.