९९ नंबरची बदली

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाच्या पोटात 'बदली' हा शब्द नुसता ऐकला तरी गोळा येतो. ऑर्डर येते, निरोपसमारंभाला सामोसे येतात, शाल आणि नारळ येतो, आणि दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत दुसरंच कोणीतरी बसून "स्लिप नीट भरा हो" म्हणू लागतं. बदलीपायी गावाने डोळ्यांना पदर लावल्याचं उदाहरण माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत नाही. त्यामुळे एका माणसाच्या बदलीवरून अख्खा देश हळहळला आणि ती रोखण्याची मागणी एका खासदाराने सरकारकडे केली, असं मामांनी सांगितलं तेव्हा मला प्रथम त्या माणसाचा हेवाच वाटला.

मामा १९८१ पासून कॅनडात, एडमंटनला असतात. तिथे हिवाळ्यात पारा उणे तिसापर्यंत उतरतो. अशा गावात माणसाने एक तर घरात बसावं, नाही तर हॉकी पाहावी. हॉकी म्हटलं की आपल्याला ध्यानचंद आठवतात, पण ही हॉकी वेगळी. मैदानाऐवजी बर्फ, चेंडूऐवजी रबराची चकती आणि पायांत धारदार पात्यांचे स्केट्स. या खेळातला देव म्हणजे वेन ग्रेट्झ्की. पाठीवर नंबर ९९.

हा मुलगा १९७८ साली, वयाच्या १७ व्या वर्षी एडमंटनला आला तोच मुळी दुसऱ्या संघाकडून विकला जाऊन. विकत घेणारे मालक पीटर पॉकलिंग्टन. त्याच्या अठराव्या वाढदिवशी त्यांनी भर बर्फाच्या मधोमध त्याची २१ वर्षांच्या करारावर सही घेतली. मुदत १९९९ पर्यंत! आमच्याकडे कायम झाल्याचं पत्र शिपाई टेबलावर टाकून जातो. ग्रेट्झ्की निवृत्त झाला तोही १९९९ सालीच, फक्त न्यूयॉर्कच्या संघातून. मधल्या काळात त्याने एका मोसमात ९२ गोल केले, आणि १९८४, ८५, ८७ आणि ८८ असे चार स्टॅनली कप एडमंटनने जिंकले.

आणि ९ ऑगस्ट १९८८ ला मालकांनी त्याला लॉस एंजेलिसला विकून टाकलं. पत्रकारांसमोर बोलताना ग्रेट्झ्कीला रडू आवरेना.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. रडणाऱ्या माणसासमोर मी आधी आकडे मांडतो. भरण्याच्या स्लिपच्या पाठीवर मधोमध रेघ ओढून म्हटलं, "मामा, तुम्ही लोक भावनेने न्याय करता. जमाखर्च सांगा."

जमा बाजूला दीड कोटी अमेरिकन डॉलर, आदल्या मोसमात ५५ गोल केलेला तरुण जिमी कार्सन, १८ वर्षांचा मार्टिन जेलिना, आणि नवे खेळाडू निवडण्याचे पहिल्या फेरीतले तीन हक्क, १९८९, ९१ आणि ९३ चे. खर्च बाजूला ग्रेट्झ्की आणि आणखी दोघे. "म्हणजे तोटाच," मी म्हटलं. १९८९ साली लॉस एंजेलिसने एडमंटनला पहिल्याच फेरीत घरी पाठवलं तेव्हा तर उघड तोटा.

"थांब," मामा म्हणाले. "कार्सन आमच्याकडे रमला नाही. त्याला डेट्रॉइटला देऊन जी पोरं आणली ती जेलिनाबरोबर खेळली, आणि १९९० चा कप आम्हीच घेतला. त्याच वर्षी लॉस एंजेलिसला चार-शून्य धुतलं."

मी खोडून 'नफा' लिहिलं.

"पण त्यानंतर २०२५ पर्यंत एकही कप नाही."

मी पुन्हा खोडलं. ग्रेट्झ्कीलाही पुढे कप मिळाला नाही. १९९३ साली अंतिम फेरीत येऊन तो माँट्रियलकडून हरला. फायदा झाला तो कॅलिफोर्नियाचा. जिथे बर्फ फक्त सरबतात पडतो, तिथे १९९१ आणि १९९३ साली हॉकीचे आणखी दोन संघ उभे राहिले. विकणारे पॉकलिंग्टन कर्जात बुडाले आणि १९९८ साली त्यांच्या हातून संघ गेला. विकत घेणारे ब्रूस मॅक्नॉल तर बँकांना फसवल्याबद्दल तुरुंगात गेले. हे ऐकून मात्र मी पेन खाली ठेवलं. काही गोष्टी आमच्याही काळजाला भिडतात.

"मग तुम्ही लोकांनी तेव्हा काय निकाल दिला?"

"मालकाचा पुतळा जाळला."

"तुम्ही होतात?"

मामांनी कपातल्या चहाकडे पाहिलं. "काड्यापेटी माझी नव्हती."

वर्षभराने त्याच गावाने ग्रेट्झ्कीचा ब्राँझचा पुतळा उभारला. एक पुतळा जाळायचा, एक उभारायचा. या बाबतीत एडमंटन आणि आपण यांत काहीच अंतर नाही. दुसरंही एक साम्य निघालं. बदलीच्या जेमतेम महिनाभर आधी, १६ जुलैला, ग्रेट्झ्कीचं जॅनेट जोन्स या अमेरिकन नटीशी लग्न झालं होतं. गावाने खापर तिच्या डोक्यावर फोडलं.

"पायगुण म्हणा की!"

"तेच ते," मामा हळूच म्हणाले. "पैशाची निकड मालकाला, आणि बोल नव्या सुनेला. मीही बोललो. मालक चुकला हे मी आजही म्हणेन. पण तिच्याबद्दल बोललो त्याची मला लाज वाटते. दुसऱ्याच्या खात्यावर नोंद टाकली रे आम्ही."

मग मामांनी कधी न सांगितलेलं सांगितलं. पहिल्या हिवाळ्यात कारखान्यात त्यांचं नाव कोणाला उच्चारता येत नसे, म्हणून कोणी हाकच मारत नसे. एके दिवशी डबा खाताना त्यांनी शेजाऱ्याला नुसतं विचारलं, "काल ग्रेट्झ्कीने किती गोल मारले?" तो शेजारी तासभर बोलला. दुसऱ्या दिवशी त्याने मामांसाठी खुर्ची राखून ठेवली होती. "ते तुझ्या स्लिपवर कुठे लिहिशील?"

१५ ऑक्टोबर १९८९ ला ग्रेट्झ्की पाहुण्यांच्या संघातून एडमंटनला आला. शेवटचं मिनिट चालू असताना त्याने गोल करून बरोबरी साधली आणि गॉर्डी हाउचा १८५० गुणांचा विक्रम मोडला. मग जादा वेळेत आणखी एक गोल मारून सामनाही नेला. "आमच्यावर गोल झाला," मामा म्हणाले, "आणि आम्ही उभं राहून टाळ्या वाजवत होतो."

मी स्लिप खिशात घातली. तिची टोटल अजून लागलेली नाही.

गेल्या महिन्यात माझीही बदली झाली. सामोसे आले. पुतळा कोणी जाळला नाही, उभारण्याचा तर प्रश्नच नव्हता. फक्त एक पेन्शनर आजोबा माझ्या काउंटरशी दहा मिनिटं उभे राहिले.

"काही काम होतं का, आजोबा?"

"छे," ते म्हणाले, "पासबुक कालच भरून नेलं."