टॉवर, पार्किंग आणि आपण

अमेरिकेतली भाची सुट्टीत आली की दादरला शिवसेना भवनाजवळ हमखास थांबते आणि समोरच्या कोहिनूर स्क्वेअरकडे बघून विचारते, “मावशी, इथे आधी काय होतं गं?” गिरणी होती, एवढं सांगून खरं तर भागत नाही. गिरणी जाऊन टॉवर कसा आला, आणि त्याच्या पोटात एवढं मोठं पार्किंग कुठून आलं, हा सगळा इतिहास आहे. रस्त्यात उभं राहून सांगण्यासारखा तो नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहिते.

मंडळी, टॉवर होणार अशी कुणकुण लागली की आपली बोलणी ठरलेली असतात. पाणी पुरेल का? गटारं तुंबतील का? आमच्या खिडकीतलं ऊन जाईल त्याचं काय? आणि शेवटी, एवढ्या गाड्या लावणार कुठे? यातला एकही प्रश्न चुकीचा नाही. पण मी पडले इतिहासाची शिक्षिका, मला आधी सनावळी आठवते. आणि सनावळी नीट मांडली की एक गोष्ट लक्षात येते. आपण बोलायला लागतो तोवर निर्णय होऊन काही वर्षं उलटलेली असतात!

आता कोहिनूरचंच बघा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही, पण गिरण्या एकेक करून थंडावल्या. मागे उरली जमीन, सुमारे सहाशे एकर, तीही शहराच्या ऐन मध्यावर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत या जमिनीसाठी एक नियम घातला गेला. ढोबळमानाने सांगायचं तर जमिनीचे तीन वाटे करायचे. एक महापालिकेला, मैदानं-बागांसाठी. दुसरा म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी. तिसरा मालकाला. घरात भाऊ वाटण्या करतात तसाच हिशेब, कुणालाही समजेल असा.

२००१ साली या नियमात दुरुस्ती झाली. तीन वाटे करायचे ते फक्त मोकळ्या जमिनीचे, ज्या जमिनीवर शेड्स आणि इमारती उभ्या आहेत ती वाटणीत धरायची नाही, असा तिचा अर्थ. गिरणी म्हणजे तर शेड्सच शेड्स! मोकळी जागा असून असून किती असणार? शहराचा आणि म्हाडाचा वाटा एका फटक्यात आक्रसला. त्या वर्षी शाळेतल्या आमच्या स्टाफरूममध्ये याबद्दल एक शब्द बोलला गेल्याचं मला आठवत नाही. गिरणी कामगारांच्या संघटना आणि काही जाणकार सोडले तर एकूण शहरातही फारशी चर्चा नव्हती.

चर्चा झाली ती २००५ मध्ये, जमिनी विकल्या गेल्या तेव्हा. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने आपल्या पाच गिरण्या विकल्या. त्यात लोअर परळची मुंबई टेक्स्टाइल मिल ७०२ कोटींना गेली आणि दादरची कोहिनूर नंबर तीन ४२१ कोटींना. ते आकडे ऐकून आपण थक्क झालो. त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, शहर बुडालं, आणि मोकळी जमीन म्हणजे काय चीज असते ते सगळ्यांनाच कळलं. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप या संस्थेने याचिका केली होती. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल तिच्या बाजूने लागला. पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. पाच वर्षांपूर्वी बदललेला नियम कायम राहिला.

आता पार्किंगकडे येते. त्यासाठी एफएसआय म्हणजे काय ते सांगायला हवं. हजार चौरस मीटरचा प्लॉट असेल आणि एफएसआय १.३३ असेल, तर सगळे मजले मिळून १,३३० चौरस मीटर बांधकाम करता येतं. एवढंच. १९९१ च्या नियमावलीत मुंबई शहराला १.३३ आणि उपनगरांना १ असा एफएसआय होता. या गणितात टॉवर बसवायचा तर जादा एफएसआय मिळवावा लागतो, आणि तो मिळवण्याचा एक रस्ता २००८ साली उघडला. बिल्डरने आपल्या जागेवर सार्वजनिक वाहनतळ बांधायचा, तो महापालिकेला फुकट द्यायचा, आणि त्याच्या बदल्यात विक्रीसाठी जादा बांधकाम मिळवायचं. महापालिकेला खर्च नाही, गाड्यांची सोय झाली, बिल्डरही खूश. ऐकायला किती छान!

पण हिशेब नीट बघा. जितका मोठा वाहनतळ, तितका मोठा टॉवर. म्हणजे वाहनतळ किती मोठा हवा, हे त्या रस्त्याला किती गाड्यांची गरज आहे यावर ठरण्याऐवजी बिल्डरला वरती किती मजले हवेत यावर ठरू लागलं. आणि गाड्यांचे मजले खाली आले की राहती घरं आपोआप उंच उचलली जातात. उंचावरच्या घराला समुद्र दिसतो, आणि समुद्र दिसला की भाव चढतो. पार्किंगच्या तक्रारीवर काढलेला तोडगाच टॉवरची शिडी झाला.

२०११ मध्ये मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांनी या धोरणाचा फेरविचार करायला घेतला. वरळीला श्रीराम मिलच्या जागेवर उभ्या राहिलेल्या पॅले रॉयालचं प्रकरण तर कोर्टात गेलं. तीनशे मीटरहून उंच असा हा टॉवर. त्याला मिळालेल्या सवलतींविरुद्ध जनहित मंच ही संस्था लढली, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये हरली. तोपर्यंत इमारत उभी झालीच होती. उभ्या इमारतीशी भांडणं फार अवघड असतं.

आणि ते वाहनतळ? त्यातले बरेचसे रिकामे पडायचे. गल्लीत फुकट जागा असताना पैसे भरून आत कोण जाणार? तेव्हा ७ जुलै २०१९ पासून महापालिकेने फर्मान काढलं की या २६ सार्वजनिक वाहनतळांपासून पाचशे मीटरच्या आत बेकायदा गाडी लावली तर दंड. तोही साधासुधा नाही, ५ हजारांपासून पार २३ हजारांपर्यंत! मग मात्र सगळेच बोलू लागले. चाळीत आणि जुन्या सोसायटीत राहणाऱ्यांनी रात्री स्कूटर ठेवायची कुठे? रागही खराच होता. पण तो २००८ मध्ये आला असता तर उपयोगी पडला असता.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. मे २०२१ मध्ये कोरोनाच्या ऐन लाटेत मुंबईतलं पहिलं गाडीत बसून लस घेण्याचं केंद्र सुरू झालं ते कोहिनूरच्याच वाहनतळात. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना रांगेत उभं न राहता लस मिळाली. लोकांच्या ताब्यात जागा असली की अडीअडचणीला कशी कामी येते बघा. हाच युक्तिवाद त्या दोन वाट्यांनाही लागू होतो, जे २००१ मध्ये आक्रसले. म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली ती २०१२ मध्ये, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. घरं ६,९२५ आणि अर्ज लाखाच्या वर. कितीतरी कामगार तोवर देवाघरी गेले होते.

म्हणजे बोलून काही उपयोग नाही, असं का? मला तसं वाटत नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा आला. त्यातल्या चुका बघून लोक खवळले, हजारोंनी हरकती नोंदवल्या. एप्रिलमध्ये सरकारला तो मसुदा मागे घेऊन नव्याने करायला सांगावं लागलं. लोक तेच, शहर तेच. फरक इतकाच की या वेळी लोक कागद कच्चा असताना बोलले.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. आराखड्यात किंवा नियमावलीत बदल करायचा तर आधी जाहीर सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. बारीक टायपात, कंटाळवाण्या भाषेत ती सूचना येते, आणि आपण पान उलटून शब्दकोड्याकडे वळतो. टॉवरचा पाया खणला जातो तो तिथे.

तेव्हा वाचक मंडळी, एक गृहपाठ देते. (सवय जात नाही!) आपापल्या गावच्या महापालिकेची अशी एक सूचना शोधून पूर्ण वाचा. काय कळलं, काय नाही, ते मला जरूर कळवा. न कळलेलं आपण मिळून सोडवू.