सागाच्या ओंडक्यातले पावसाळे

परतवाड्याच्या लाकूड डेपोत साग घ्यायला आलेला व्यापारी आधी घेर बघतो, मग लांबी, मग ओंडका आतून पोकळ तर नाही ना ते. दाट वलयांचा माल त्यालाही आवडतो, पण कोणते वलय कोणत्या सालचे याच्याशी बोलीला काही देणेघेणे नसते.

मेळघाटातला साग उन्हाळ्याशी झुंजत बसत नाही. जमिनीतला ओलावा आटू लागला की सुपाएवढाली पाने टाकून देतो आणि वाढच थांबवतो. पाऊस मुरला की सालीखालचा थर पुन्हा कामाला लागतो. आधी भराभर पाणी ओढणाऱ्या मोठ्या नळ्या, नंतर बारीक. साफ कापलेल्या टोकाला या मोठ्या नळ्यांच्या छिद्रांची रांग नुसत्या डोळ्यांनी दिसते; एकेका पावसाळ्याची ती सुरुवात. पाऊस कमी पडला की वलय सहसा अरुंद. मध्येच अळीने पानांची चाळण केली तर झाड पुन्हा पालवते आणि एका वर्षात दोन वलयांचा भास होतो. त्यामुळे नुसते मोजून भागत नाही, अनेक झाडे ताडून बघावी लागतात.

वलयाच्या रुंदीतून ओले-कोरडे वर्ष कळते, हे लिओनार्दो दा व्हिंचीने पाचशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. त्याचे शास्त्र केले ते ए. ई. डग्लस या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने. सूर्यावरच्या डागांचा हवामानाशी संबंध शोधता शोधता तो झाडांकडे वळला. 1929 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या एका जळक्या तुळईने जिवंत झाडांच्या वलयांची मालिका आणि जुन्या घरांच्या लाकडांतली मालिका यांचा सांधा जुळवला. सागाच्या बाबतीत बेर्लागे या संशोधकाने 1931 मध्ये जावातली 1514 ते 1929 ची मालिका मांडली. आपल्याकडे वनखात्याने वलये मोजली, पण बहुधा झाड किती वर्षांत तोडणीला येते एवढ्यापुरतीच. पावसाचा हिशेब पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत झाला: बोरगावकर आणि सहकाऱ्यांनी केरळातल्या सागावरून 523 वर्षांची मालिका बांधली आणि तिच्यात एल निनोच्या दुष्काळांच्या खुणा दाखवल्या.

इतकी जुनी झाडे आता उभी कुठून मिळणार? पण परतवाड्याशेजारचे अचलपूर 1490 पासून इमादशाहीची राजधानी होते, आणि वऱ्हाडातल्या जुन्या वाड्यांना सागाचीच लाकडे. वाडा पाडला की तुळया आरागिरणीवर जातात, तासून दारे-पलंग होतात. सुताराने पूर्वीच सालीलगतचे पांढरे लाकूड काढून टाकलेले असल्याने शेवटची काही वर्षे हरवलेली असतात, हे खरे. आतली मात्र शाबूत असतात. तेव्हा वाडा उतरवणाऱ्यांनी एवढे करावे: जाड तुळईची बोटभर जाडीची एक आडवी चकती कापून घ्यावी, तिच्यावर गाव आणि वाडा लिहावा आणि जवळच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागात नेऊन द्यावी.