मोटारीच्या इंजिनांतील टकटक

जुन्या मोटारीचें इंजिन सुरू झालें म्हणजे शिवणयंत्रासारखी एक बारीक टकटक श्रोत्यांपैकीं पुष्कळांनीं ऐकली असेल. ती थांबविण्याच्या खटपटींतच मोटारीच्या इतिहासाचें एक मनोरंजक प्रकरण घडलें.

इंजिनाच्या झडपा तापल्या, कीं प्रसरण पावून लांबतात. म्हणून झडप व तिला उचलणारा टॅपेट यांच्यामध्यें अल्पशी फट मुद्दाम ठेवावी लागते. झिजेनें ती वाढली, म्हणजे प्रत्येक उघडझापेस धातूवर धातू आपटतो. कॅमशाफ्ट हा क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगानें फिरतो. म्हणून ही टकटकही निम्म्या वेगाची असते, व त्यावरूनच जाणता कारागीर ती ओळखतो. मंद चालणाऱ्या इंजिनाच्या एकेका फटींत तो पातळ पोलादी पट्टी सरकवितो. जेथें आवाज दबेल, तेथें दोष.

शिकागोचे चार्ल्स येल नाइट हे दुग्धव्यवसायाचें नियतकालिक चालवीत. आपल्या मोटारीच्या झडपांचा गोंगाट त्यांना असह्य झाला, आणि त्यांनीं त्या झडपांनाच रजा देण्याचें ठरविलें! पिस्टन व सिलिंडर यांच्यामध्यें, एकींत एक बसणाऱ्या दोन नळ्या खालींवर सरकाव्या, व त्यांच्या छिद्रांनींच वायूची वाट उघडावी-मिटावी, अशी ही युक्ति. लायमन किलबोर्न यांच्या द्रव्यसाहाय्यानें सिद्ध झालेली ही मोटार १९०६ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत आली. इंग्लंडच्या डेमलर कंपनीनें १९०८ सालीं या इंजिनाचा स्वीकार केला, व पुढें राजघराण्याच्या मोटारीही त्यावर निःशब्द धावूं लागल्या. फ्रान्सच्या पानार व बेल्जियमच्या मिनर्व्हा या कंपन्यांनींही तोच मार्ग धरला.

परंतु या शांततेचें मोल जबर होतें. नळ्यांना तेल फार लागे, मोटारीमागें निळसर धूर राही, आणि घडणीचा खर्चही मोठा. इकडे साध्या झडपा सुधारत चालल्या होत्या. १९३० सालीं कॅडिलॅकच्या सोळा सिलिंडरांच्या इंजिनांत तेलाच्या दाबानें फट आपोआप भरून काढणारी योजना आली. ज्या तेलापायीं नळ्यांची अपकीर्ति झाली, त्याच तेलानें झडपांना मौन शिकविलें, आणि नळ्यांचें इंजिन हळूहळू अस्तास गेलें.

जुन्या मोटारीच्या मालकानें मात्र एक गोष्ट ध्यानांत धरावी. फट वाजवीपेक्षां कमी केल्यास टकटक जाते खरी; पण तापलेली झडप मग पुरती मिटत नाहीं, आणि जळून निकामी होते. टकटकणारी झडप आपला दोष बोलून तरी दाखविते. अति आवळलेली झडप तोंडांतून शब्द न काढतां इंजिनाचा घात करते.